उत्सवाची तारीख ठरलेली असते, वाऱ्याची नाही: खडकाळ किनाऱ्याने शिडाच्या बोटीतून मच्छीमार गावाच्या उत्सवाला कसं जायचं

मच्छीमार गावाचा उत्सव रस्त्याने जाऊन बघितला तरी छानच वाटतो, पण शिडाच्या बोटीने त्याच पाण्यातून, तेच खडक चुकवत, त्याच बंदराच्या तोंडातून आत शिरलात की त्या गावाला समुद्राची एवढी ओढ आणि एवढा धाक का आहे ते अंगाला कळतं. म्हणून मी सांगतो, जमत असेल तर एकदा तरी बोटीने जाच. फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. उत्सवाचा दिवस कॅलेंडरवर पक्का असतो, हवा पक्की नसते, आणि 'आज पोचायचंच' हा हट्ट खडकाळ किनाऱ्यावर वादळापेक्षा जास्त घात करतो असं माझं पक्कं मत आहे.

हे सगळं लिहितोय ते ज्यांना शीड चढवणं, रीफ घेणं (वारा वाढला की शीड आखडून लहान करणं), टॅक मारणं (वाऱ्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला वळणं) जमतं आणि ज्यांच्या दिवसभराच्या दोन-चार फेऱ्या झाल्यात त्यांच्यासाठी, बोट साधारण 25 ते 35 फुटी धरून. अगदी नवखे असाल तर एक मुरलेला माणूस सोबत घ्याच.

तारखेपासून उलटं मोजत या

आधी उत्सवाचा मुख्य दिवस लिहा, मग त्याच्या दोन दिवस आधीची तारीख लिहा, ती तुमची पोचायची तारीख. मुख्य दिवशी सकाळी पोचू असा प्लॅन करूच नका, कारण त्या दिवशी बंदरात जागा नसते, पाण्यावर गर्दी असते आणि मन घाईत असतं. मग तिसरी तारीख लिहा, 'इथपर्यंत हवा मिळाली नाही तर बोटीने जाणं रद्द'. ही तिसरी तारीख घरी बसून, शांत डोक्याने ठरवायची आणि सोबतच्या सगळ्यांना आधीच सांगायची, म्हणजे ऐन वेळी कुणाचा मूड गेला म्हणून निर्णय फिरत नाही.

आणि रद्द म्हणजे उत्सव हुकला असं नाही! वाटेत एक चांगलं, कुठल्याही वाऱ्यात आत शिरता येईल असं मोठं बंदर शोधून ठेवा जिथून त्या गावाला रस्त्याने जाता येतं, बोट तिथे बांधायची आणि गाडीने जायचं. हा पर्याय हातात असला ना की निम्मं टेन्शन जातं आणि निर्णय चांगले होतात.

आम्ही एका वर्षी हे केलं नव्हतं, शेवटच्या दिवशी निघालो, भूशिराजवळ वारा आणि प्रवाह समोरासमोर आले आणि जे अंतर दीड तासात व्हायचं त्याला चार तास लागले, दोघांच्या उलट्या थांबेनात, आणि पोचलो तेव्हा बोटींची मिरवणूक संपून दोऱ्या आवरणं चालू होतं. बोटीला काही झालं नाही, पण तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो, कारण ते सगळं आमच्याच घाईने ओढवलं होतं.

अंतराचा हिशोब सागरी मैलात करा, एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. बोट 6 नॉट धावत असली तरी प्लॅन 4 नॉटने करा. वारा नाकासमोरून असेल तर नागमोडी टॅक मारत जावं लागतं, वाऱ्याशी 45 अंशाचा कोन धरला तर 20 मैलांचे जवळपास 28 मैल होतात, म्हणजे 5 तासांचा प्रवास 7 तासांचा. हा हिशोब विसरला की अंधारात खडकाळ किनारा गाठायची वेळ येते, आणि अनोळखी खडकाळ बंदरात अंधारात शिरायचं नाही हा नियम मी कधीच मोडत नाही.

चंद्र बघा

मच्छीमारांचे बरेच उत्सव चंद्राच्या तिथीवर असतात. उत्सव पौर्णिमेला असेल तर छान चांदणं पडेल असं वाटतं, पण बोटीवाल्यासाठी त्याचा अर्थ वेगळा, उधाण! पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांनंतर, भरती सगळ्यात वर चढते आणि ओहोटी सगळ्यात खाली जाते, म्हणजे प्रवाहही सगळ्यात जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा सगळं मवाळ असतं. त्यामुळे उत्सव पौर्णिमेचा असेल तर भांगाच्या दिवसांतच जाऊन पोचणं हा सगळ्यात सोपा मार्ग, दोनाऐवजी पाच-सहा दिवस आधी पोचाल पण भूशिरं शांत मिळतील. सुट्टी असेल तर हेच करा.

जिथे दिवसात दोन भरत्या येतात तिथे एका भरतीपासून पुढच्या भरतीला साधारण 12 तास 25 मिनिटं लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज 50 मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. पाणी एकसारखं चढत नाही. ढोबळ हिशोबाला बारा भागांचा नियम आहे, पहिल्या तासात एकूण फरकाचा 1 भाग, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3, चौथ्यात 3, पाचव्यात 2, सहाव्यात 1. फरक 3.6 मीटर असेल तर पहिल्या तासात 30 सेंटिमीटरच, पण तिसऱ्या-चौथ्या तासात 90-90 सेंटिमीटर. प्रवाहही बऱ्याच ठिकाणी याच मधल्या तासांत जोर धरतो, पण सगळीकडे नाही, म्हणून त्या भागाचे भरतीचे तक्ते आणि प्रवाहाचे नकाशे बघायचेच.

चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, लिहिलेली खोली ही जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची असते, त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवली की खरी खोली. समजा बंदराच्या तोंडाशी 1.2 मीटर लिहिलंय, तुमची बोट 1.7 मीटर पाण्यात बुडते आणि लाटांसाठी 0.8 मीटर हाताशी हवेत, म्हणजे 2.5 लागणार, तर भरती किमान 1.3 मीटर चढल्याशिवाय आत जायचं नाही. हे गणित कागदावर करा आणि 'इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत दार उघडं' असं मोठ्या अक्षरात लिहून सुकाणूजवळ चिकटवा. जमलं तर चढत्या भरतीतच शिरा, तळाला टेकलात तरी पाणीच उचलून घेतं, उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढचे कित्येक तास तिथेच.

चार्ट: स्क्रीनवर झूम करून बघा, मग परत बघा

2014 च्या नोव्हेंबरमध्ये व्होल्वो ओशन रेस या शिडाच्या बोटींच्या जगप्रदक्षिणा शर्यतीतली टीम वेस्टास विंड ही बोट हिंदी महासागरात मॉरिशसच्या ईशान्येला असलेल्या कार्गाडोस काराजोस खडकांवर चढली. कसलेले खलाशी, भारीतली यंत्रं, तरीही. झूम कमी ठेवला की चार्टवर ते खडक नीट दिसतच नव्हते. सगळे 9 जण वाचले हे नशीब. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या माणसाला सांगतो कारण आपण घरी टॅबलेटवर बोटाने रेघ ओढतो आणि वाटतं झालं. म्हणून पूर्ण रस्ता जास्तीत जास्त झूम करून इंच-इंच तपासा, आणि त्या भागाचा कागदी चार्ट सोबत ठेवा.

मग कागदावर तीन गोष्टी करा. पहिली, 'याच्या आत जायचं नाही' अशी एक खोलीची रेघ लाल पेन्सिलने ओढा, मी उघड्या खडकाळ किनाऱ्यावर 20 मीटरची धरतो. दुसरी, धोक्याच्या खडकासाठी दिशेची मर्यादा काढा, म्हणजे दीपस्तंभ किंवा ठळक सुळका अमुक अंशाच्या पुढे दिसायला लागला की आपण खडकाच्या बाजूला सरकलोय, जीपीएस बंद पडलं तरी हातातल्या कंपासने हे कळतं. तिसरी, प्रत्येक दोन-तीन तासांवर एक आसरा शोधा आणि त्याच्यापुढे लिहा, कुठल्या वाऱ्यात आणि किती भरतीला हा चालेल. पश्चिमेचा वारा असताना पश्चिमेला तोंड असलेला आसरा हा आसरा नसतो, पण दमलेल्या डोक्याला ते सुचत नाही म्हणून आधीच लिहायचं.

कड्यांपासून किमान एक मैल लांब राहा असं मी म्हणतो. जवळून फोटो भारी येतात हे खरंय, पण कड्यावर आपटून परत येणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांशी भिडतात आणि पाणी जागच्या जागी उसळत राहतं, शिडात वारा टिकत नाही, वरून कड्याच्या खाली अचानक झोत उतरतात. भूशिराच्या टोकाला तर प्रवाह आणि वारा दोन्ही दाटून जोर धरतात, आणि ते एकमेकांविरुद्ध असले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. भूशिरं प्रवाह थांबायच्या सुमारास नाहीतर वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असतानाच ओलांडा.

हवा: वाऱ्याइतकंच लांबून येणाऱ्या लाटांकडे बघा

वाऱ्याचा जोर बोफर्ट या मोजपट्टीवर सांगतात, त्यात 4 म्हणजे 11 ते 16 नॉट, ही मजेची हवा. 5 म्हणजे 17 ते 21, ओळखीच्या पाण्यात ठीक. 6 म्हणजे 22 ते 27, खडकाळ किनाऱ्यावर उत्सवाला जायला ही हवा नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, 10 चे 20 नॉट झाले की शिडावरचा दाब चौपट. अंदाजात सरासरी असते, 18 लिहिलं असेल तर झोत 25 ला जाऊ शकतात.

पण माझ्या मते लोक फसतात ते लांबून येणाऱ्या लाटांना. शेकडो मैलांवरच्या वादळाच्या लाटा तुमच्याकडे निळं आकाश आणि पडलेला वारा असताना येतात, खोल पाण्यात फक्त बोट हळूच वर-खाली होते, आणि बंदराच्या तोंडाशी पाणी उथळ झालं की त्याच लाटा उंच होऊन फुटतात. साधारण हिशोब असा की पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या 1.3 पट राहिली की लाट फुटते, म्हणजे 2 मीटरची लाट अडीच-पावणेतीन मीटर पाण्यात फुटणार, आणि वर मोजलेली 2.5 मीटर खोली त्या दिवशी काही कामाची नाही. अंदाजात उंचीबरोबर सेकंदही बघा, 12-14 सेकंदांच्या लाटा 6 सेकंदांच्या लाटांपेक्षा कितीतरी जास्त ताकद घेऊन येतात. आणि समुद्राकडून बघताना आपल्याला लाटांची पाठच दिसते, फुटलेला फेस पलीकडे असतो, त्यामुळे बाहेरून तोंड शांत वाटतं. दहा मिनिटं थांबून बघा, लाटा गटाने येतात, मोठा गट आल्यावर तोंडात काय होतं ते दिसेल.

उन्हाळी दिवसांत दुपारी समुद्राकडून वारा वाढत जातो आणि तो तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतो. म्हणून पहाटे निघा, दुपारच्या आत पोचा.

बोट आणि माणसं

इंजिन, डिझेल, बॅटरी, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसायचा), दोन नांगर, फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या गाद्या), लांब दोऱ्या, रेडिओ, टॉर्च, प्रथमोपचार, या गोष्टी तुम्हाला माहीतच आहेत. रीफ घ्यायची सवय किनाऱ्यावर बांधलेल्या बोटीत करून घ्या, डोळे मिटून जमलं पाहिजे. 150 न्यूटनचं (हा तरंगवायच्या ताकदीचा आकडा) आपोआप फुगणारं लाइफजॅकेट, मांडीचा पट्टा लावून, प्रत्येकाच्या मापाचं. मांडीचा पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस त्याच्या आत बुडायला लागतो.

रेडिओचं चॅनेल 16, म्हणजे संकटात हाक मारायचं चॅनेल, सगळ्यांना लावता आलं पाहिजे, फक्त कप्तानाला नाही, कारण पाण्यात पडणारा कप्तान पण असू शकतो. जिवावर बेतलं तर 'मेडे' तीनदा, मग बोटीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. अडचण आहे पण जीव धोक्यात नाही तर 'पॅन पॅन'. हे कागदावर लिहून रेडिओजवळ लावा. माणूस पडला तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं, बाकी काही करायचं नाही, लाटांत डोकं नजरेआड व्हायला एक क्षण पुरतो. आणि किनाऱ्यावर एका माणसाला निघायची आणि पोचायची वेळ सांगून ठेवा, इतके वाजेपर्यंत फोन नाही आला तर कोस्टगार्डला कळव असं स्पष्ट सांगून.

वाटेत मच्छीमारांचं पाणी

गाव जवळ आलं की सापळ्यांचे आणि जाळ्यांचे तरंगते बोये सुरू होतात, कधी झेंडा लावलेला, कधी नुसता रिकामा कॅन, उधाणाच्या प्रवाहात तर पाण्याखालीच ओढलेला. पुढे एक माणूस नजर ठेवायला बसवा. दोरी पंख्यात (इंजिनच्या प्रोपेलरमध्ये) गेली तर पहिलं काम इंजिन लगेच न्यूट्रल, मग शिडावर बोट किनाऱ्यापासून लांब न्या, लाटा असताना चाकू घेऊन पाण्यात उडी मारू नका, वर-खाली होणारी बोट डोक्यात बसते. आणि कुणाचा बोया विनाकारण कापू नका, त्या दोरीखाली एखाद्या घराची कमाई असते.

टकरी टाळायच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मासेमारी करत असलेल्या बोटीला शिडाच्या बोटीनेच वाट द्यायची असते, शिडाला सगळे वाट देतात हा गैरसमज काढून टाका. दिवसा टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू, रात्री ट्रॉलरला (जाळं ओढत जाणाऱ्या बोटीला) पांढऱ्यावर हिरवा दिवा आणि बाकी मासेमारीला पांढऱ्यावर लाल. त्यांच्या मागून जवळून जाऊ नका, जाळं मागे बरंच लांब असतं.

बंदरात शिरताना बोयांचे रंग जगात सगळीकडे सारखे नाहीत. बहुतेक ठिकाणी आत जाताना लाल डाव्या हाताला, पण अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये लाल उजव्या हाताला.

बंदरात: पाहुण्यासारखं वागा

तोंडाशी येण्याआधीच शिडं उतरवा, फेंडर आणि दोऱ्या दोन्ही बाजूंना तयार ठेवा, बंदराच्या ऑफिसला रेडिओवर किंवा फोनवर विचारा की उत्सवाच्या दिवसांत पाहुण्या बोटी कुठे घेताय. बर्फ, डिझेल आणि मासळी उतरवायच्या धक्क्याला कधीच बांधू नका, रिकामा दिसला तरी.

दुसऱ्या बोटीला लागून बांधायची वेळ आली तर आधी विचारा, तिच्यावरून जाताना पुढच्या डेकवरून जा, मागून त्यांच्या बसायच्या जागेतून नाही, आणि स्वतःच्या दोऱ्या धक्क्यापर्यंतही टाका, सगळा भार मधल्या बोटीवर सोडू नका. पहाटे तीनला ते मासेमारीला निघणार असतील तर तुम्हाला उठून बोट हलवावी लागेल, ते हसत मान्य करा.

धक्क्याला बांधलं तर दोऱ्या भरती-ओहोटीच्या फरकाच्या किमान तिप्पट लांब, नाहीतर ओहोटीला बोट दोरीवर लटकते.

नांगर टाकणार असाल तर खोली भरतीची धरा. आत्ता ओहोटीला 3 मीटर, भरती आणखी 3 मीटर चढणार, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून 1 मीटर उंच, झाले 7 मीटर, साखळी पाचपट म्हणजे 35 मीटर, दोरी जास्त असेल तर सातपट म्हणजे 49. वाळू किंवा चिखल शोधा, कातळावर नांगर एकतर धरत नाही नाहीतर असा अडकतो की निघत नाही. रात्री सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावाच, उत्सवाच्या रात्री पाण्यावर उशिरापर्यंत बोटी फिरतात.

दोन दिवस आधी पोचायचा खरा फायदा आता मिळतो. धक्क्यावर जा, जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्या काकांजवळ बसा, पण 'बाहेर सेफ आहे का' असं विचारू नका, कुणीही हो म्हणेल. नेमकं विचारा, 'काका, या दिशेच्या लाटा असल्या की तोंडात कुठे फुटतात?', 'मिरवणूक कुठून कुठे जाते आणि आम्ही कुठे उभं राहिलो तर तुम्हाला अडचण नाही?' मला चार्टवर नसलेला एक खडक असाच एका तांडेलाने (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाने) वाळूत काठीने काढून दाखवला होता.

उत्सवाचा दिवस

मिरवणुकीत बोटीने सामील व्हायचं असेल तर बोलावलं तरच जा, आणि शेवटी राहा. बोटी अगदी जवळजवळ असतात, खच्चून भरलेल्या असतात, कप्तानाचं लक्ष दहा ठिकाणी असतं. शिडं नाही, फक्त इंजिन, सुकाणूवर एक माणूस जो फोटो काढणार नाही. कुणी प्रेमाने त्यांच्या बोटीवर बोलावलं आणि ती आधीच ओव्हरलोड दिसली तर हात जोडून नाही म्हणा. सिग्नलची झेंडे-पताका असतील तर डोलकाठीवर लावा, गावाला खूप आवडतं. पण मुदत संपलेले संकटाचे फ्लेअर आतषबाजी म्हणून कधीही उडवू नका, कुणीतरी खरंच संकट समजून बचावाची बोट बाहेर काढेल. फटाके असतील तर शिडांना कव्हर घाला आणि पाण्याची बादली भरून ठेवा.

अशा बऱ्याच उत्सवांत समुद्रात गेलेल्या माणसांची आठवण काढायचा एक क्षण असतो, पाण्यावर फुलं सोडतात, इंजिनं बंद होतात. तुम्हीही इंजिन न्यूट्रल करा, मोबाइल खिशात ठेवा. ती फुलं सोडणाऱ्यांत कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा गेलेला असतो.

रात्री धक्क्यावरून नांगरावरच्या बोटीकडे छोट्या डिंगीतून परत येणं हा माझ्या मते अख्ख्या सहलीतला सगळ्यात धोक्याचा पल्ला, कारण त्याला कुणी प्रवास मानतच नाही. दारू घेतलेली, अंधार, चार माणसांच्या डिंगीत सहा जण, जॅकेट बोटीवर राहिलेलं. एक माणूस न पिता राहील हे दुपारीच ठरवा, जॅकेट घालूनच गावात जा, टॉर्च खिशात, आणि दोन फेऱ्या करा. गर्दी जास्त असेल तर सरळ गावात झोपायची सोय बघा.

परतताना

दुसऱ्या दिवशी लगेच निघू नका, झोप झालेली नसते. एक दिवस थांबा, हवा नव्याने बघा, भरतीचं गणित नव्याने करा, जातानाचं गणित परतीला चालत नाही. निघण्याआधी पाण्यात वाकून पंखा आणि सुकाणूभोवती बघा, उत्सवानंतर बंदरात हार, दोऱ्या, प्लॅस्टिक, फुग्यांचे तुकडे तरंगत असतात. इंजिनच्या समुद्राच्या पाण्याची गाळणी उघडून साफ करा, इंजिन चालू केल्यावर मागून पाणी पडतंय का ते स्वतः जाऊन बघा, दहा मिनिटं बांधलेल्या बोटीतच चालवा आणि तापमान नॉर्मल राहिलं तरच दोऱ्या सोडा.